हिरवी पडलेली तार फेकू नकोस

पत्र: "सर, मी नववीत आहे. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. ते हौदात साठवायचं आणि रोज सकाळी मोटर लावून स्लॅबवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवायचं. टाकी भरली हे खाली कळत नाही. पन्हाळीतून पाणी गल्लीत पडायला लागलं की आजी ओरडते, 'पानी भराई गयं!' तोवर दोन-चार बादल्या वाया जातात. म्हणून मी व्हिडिओ बघून टाकी भरली की वाजणारा गजर बनवला. 9 व्होल्टची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, एक बझर आणि टाकीत सोडलेल्या तांब्याच्या दोन तारा, एवढंच. वाजायला लागला की थांबेना, म्हणून भाऊ बझरची एक तार सोडवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जोडायचा. सहा दिवस छान वाजला. सातव्या दिवशी आवाज बारीक झाला, नवव्या दिवशी वाजलाच नाही. एका तारेचं टोक हिरवं-काळं होऊन झिजलंय, दुसरीवर पांढरं काहीतरी चढलंय. विज्ञान प्रदर्शन 18 दिवसांवर आलंय. बाई म्हणतात, बंद पडलेलं मांडू नकोस, विषय बदल. बाबा म्हणतात, जळगावहून बाराशेला तयार मॉडेल आणून देतो, वर्गातल्या दोघांनी आणलंय. भाऊ म्हणतो, गजर कशाला, मोटरच आपोआप बंद होईल असं करू. मला सोल्डरिंग धड येत नाही. काय करू?"

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो, कारण निदानाला जे जे लागतं ते तू सगळं लिहिलंयस. किती दिवस वाजलं, आवाज केव्हा बारीक झाला, कोणती तार कशी दिसते, भाऊ नेमकी कोणती तार सोडवायचा. आपलं यंत्र असं बारकाईनं बघणारी मुलगी विषय का बदलेल?

विषय बदलू नकोस. तयार मॉडेल आणू नकोस. आणि मोटरच्या वायरिंगला तू किंवा भाऊ, कुणीही हात लावू नका. ही तीन उत्तरं आधी देऊन ठेवतो, कारणं पुढे येतील.

सगळ्यात आधी त्या दोन तारा टाकीतून काढ. पुसू नकोस, घासू नकोस. वाळू दे आणि एका पारदर्शक डबीत ठेवून वर तारीख लिही. तुझ्या सगळ्या प्रकल्पात आत्ता त्या दोन तारांइतकं मोलाचं काही नाही.

आता मनाशी सर्किट उभं कर. बॅटरीच्या धन टोकाकडून एक तार पाण्यात जाते. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: बेस, कलेक्टर आणि एमिटर. पाण्यातून दुसरी तार निघते ती ट्रान्झिस्टरच्या बेसला. बझर बॅटरीचं धन टोक आणि कलेक्टर यांच्या मध्ये. एमिटर ऋण टोकाला. पाणी दोन्ही तारांना टेकलं की त्यातून अगदी थोडा करंट बेसला पोचतो, आणि त्या थोड्या करंटच्या जोरावर ट्रान्झिस्टर बझरला लागणारा मोठा करंट सोडतो. पाटाचं दार उघडायला एका माणसाचा हात पुरतो, पण दार उघडल्यावर वाहतं ते अख्खं पाटाचं पाणी. ट्रान्झिस्टर हे तसलं दार आहे.

मग भावानं बझरची तार सोडवली तेव्हा काय झालं? आवाज थांबला. करंट थांबला नाही. धन टोक, पहिली तार, पाणी, दुसरी तार, बेस, एमिटर, ऋण टोक हा रस्ता तसाच उघडा राहिला. बझर त्या रस्त्यावर नव्हताच. म्हणजे तुम्हा सगळ्यांना वाटत होतं यंत्र बंद आहे, आणि टाकीतलं पाणी तारांच्या खाली उतरेपर्यंत ते गुपचूप चालूच होतं.

पाण्यातून एकाच दिशेनं करंट गेला की काय होतं ते तू रसायनाच्या धड्यात शिकली आहेस, किंवा लवकरच शिकशील: विद्युत अपघटन. धन टोकाला जोडलेली तार म्हणजे धनाग्र. तिथलं तांबं पाण्यात उतरत जातं, तार झिजते आणि तिच्यावर हिरवट-काळा थर येतो. दुसरी तार ऋणाग्र. तिच्यावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे येतात आणि तिच्या आसपासचं पाणी आम्लारीधर्मी होतं. आपल्याकडच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार भरपूर, ते तिथे पांढरे होऊन बसतात. तुझ्या दुसऱ्या तारेवरचा पांढरा थर बहुधा हाच. बाबांना दाखव, ते लगेच ओळखतील. शेतात ठिबक असेल तर ड्रीपरच्या तोंडाशी असाच पांढरा थर साचतो, नळ्या ॲसिडनं धुवाव्या लागतात. कारण वेगळं, पण क्षार तेच.

किती तांबं गेलं असेल याचा हिशेब मी मांडून बघितला. तुझ्या सर्किटमध्ये बेसच्या आधी रेझिस्टन्स नाही, त्यामुळे करंट अडवायला पाण्याशिवाय कुणी नव्हतं. समजा दीड मिलिअँपिअर करंट होता आणि सहा दिवसांत मिळून 90 तास तो वाहिला. म्हणजे 135 मिलिअँपिअर-तास, सुमारे 486 कूलोम (वीजभाराचं एकक). सगळा करंट तांबं विरघळवण्यातच गेला असं धरलं, तर 0.16 ग्रॅम तांबं गेलं. ऐकायला क्षुल्लक वाटतं ना? 1 चौरस मिलिमीटरच्या तारेत 0.16 ग्रॅम म्हणजे जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर लांबी! हा हिशेब माझ्या 'समजा'वर उभा आहे. तुझा खरा आकडा तू काढ. शाळेत मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट आणि करंट मोजायचं यंत्र, असेलच. तो मिलिअँपिअरवर ठेवून पाण्याकडे जाणाऱ्या तारेच्या वाटेत जोड, आकडा दिसेल. नाजूक तराजू मिळाला तर नव्या तारेचा तुकडा आणि झिजलेला तुकडा, दोन्ही सारख्या लांबीचे घेऊन तोलून बघ.

थर चढला की अडथळा वाढतो, बेसला करंट कमी मिळतो, ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतो, बझर कण्हल्यासारखा वाजतो. सातव्या दिवशीचा बारीक आवाज हा असा असणार.

'असणार' म्हणतोय, कारण बॅटरीही दोषी असू शकते. साध्या 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची ताकद साधारण 400 मिलिअँपिअर-तास. बझर आणि हा चोरून वाहिलेला करंट मिळून तिनं बरंच गमावलंय. म्हणून दोघांना वेगवेगळं तपास. बॅटरी नुसती मोजू नकोस. थकलेली बॅटरीसुद्धा मोकळी मोजली तर 9 च्या आसपास दाखवते आणि माणूस फसतो. बझर थेट बॅटरीला जोड, तो वाजत असताना मोज. आकडा 7 च्या खाली घसरला तर बॅटरी बदल. बॅटरी ठणठणीत निघाली, तर 10 किलोओहमचा एक रेझिस्टन्स घे आणि पाण्याकडे जाणारी दोन टोकं त्यानं एकमेकांना जोड. बझर खणखणीत वाजला म्हणजे ट्रान्झिस्टरही शाबूत, दोष तारांचाच. ती टोकं रेझिस्टन्सशिवाय थेट टेकवू नकोस. पूर्ण 9 व्होल्ट बेसवर येऊन ट्रान्झिस्टर जळतो. याआधी कुणी तसं केलं असेल तर तो आधीच गेलेला असेल. ट्रान्झिस्टर दोन-पाच रुपयांचा आहे, त्याचं दुःख नको. पण गेला असेल तर का गेला ते वहीत लिही.

तो बदलताना पाय बघ. तुझा ट्रान्झिस्टर बीसी 547 नंबरचा असेल तर सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानदार कधी कधी 'हाही चालतो' म्हणून दुसरा नंबर देतो. तो चालतोही, पण त्याच्या पायांचा क्रम उलटा असू शकतो. त्या एका गोष्टीपायी मुलं आठवडाभर सर्किट फिरवत बसलेली मी बघितली आहेत.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगतो. ती टाकी घरात पिण्याच्या, स्वयंपाकाच्या पाण्याची असेल तर तांब्याच्या झिजणाऱ्या तारा तिच्यात पुन्हा सोडू नकोस. आजी तांब्याच्या भांड्यातलं पाणी पीत असेल, पण करंटनं झिजवलेलं तांबं पोटात जाणं ही वेगळी बाब आहे. आणि सोल्डर केलेला सांधा तर पाण्यात कधीच नको, कारण बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. व्हिडिओत हे सहसा सांगत नाहीत.

मग यंत्र सुधारायचं कसं? पहिला उपाय सोपा आणि अर्धा. बॅटरीच्या तारेत एक सरकतं बटण घाल. मोटर लावताना आईनं ते चालू करायचं, मोटर बंद केली की बंद. दिवसाची 1440 मिनिटं. मोटर 20 मिनिटं चालत असेल तर पाण्यातून करंट जाण्याचा जास्तीत जास्त वेळ 72 पटींनी कमी झाला. बेसच्या आधी 10 किलोओहमचा रेझिस्टन्स टाक. बेस आणि एमिटरच्या मध्ये 47 किलोओहमचा टाक, म्हणजे टाकीच्या ओलसर भिंतीवरून झिरपणाऱ्या नगण्य करंटनं यंत्र उगाच वाजणार नाही. हे दोन रेझिस्टन्स आणि एक बटण तुझ्या पहिल्या नमुन्यात असायला हवे होते. पण तार झिजायची ती झिजणारच, फक्त सावकाश.

दुसरा उपाय मला जास्त पटतो. पाण्याला करंट लावायचाच नाही.

रीड स्विच नावाचा छोटा काचेचा तुकडा मिळतो, खडूच्या तुकड्यापेक्षा बारीक. काचेच्या नळीत लोखंडी जातीच्या दोन पातळ पट्ट्या असतात, टोकं एकमेकींच्या अगदी जवळ पण न टेकलेली. चुंबक जवळ आला की त्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. काच बंद असल्यामुळे आत ना ओल जाते ना धूळ. एकदा हातात घेऊन, चुंबक हळूहळू जवळ नेत कानाशी धर. अगदी बारीक 'टिक' ऐकू येते. मी ती पहिल्यांदा ऐकली त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बोलावून ऐकवली होती.

आता तरंगता चुंबक करायचा. औषधाची प्लॅस्टिकची बाटली घे, बूच घट्ट बसणारी. तिच्यात चुंबक घालून वरच्या बाजूला पक्का चिकटव आणि बूच एम-सीलनं बंद कर. चुंबक बाटलीच्या आतच हवा, पाण्यात उघडा राहिला तर गंजतो. बाटली मोकळेपणी वरखाली सरकेल इतक्या रुंदीचा पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घे. खाली पाणी आत यायला भोकं पाड, वर हवा बाहेर जायला एक भोक. हा पाइप टाकीच्या तोंडातून उभा टांगायचा. पाणी चढलं की बाटली पाइपमध्ये वर चढेल. ज्या उंचीला गजर वाजायला हवा, त्या उंचीला पाइपच्या बाहेरून रीड स्विच बांधायचा, सांध्यांसकट एका बारीक नळीत घालून, नळीची दोन्ही तोंडं बंद करून. ओव्हरफ्लोच्या भोकाच्या चार-पाच बोटं खाली बांध, म्हणजे गजर वाजल्यावर आईला हातातली पोळी तव्यावरून काढून मोटरपर्यंत यायला वेळ मिळेल.

इथे एक खोड आहे, ती आधीच सांगतो. पाणी आणखी चढलं तर बाटली रीड स्विचच्या पुढे निघून जाते, चुंबक दूर होतो आणि टाकी भरलेली असतानाच गजर गप्प बसतो. म्हणून योग्य उंचीला पाइपमधून एक प्लॅस्टिकची काडी आडवी घाल. बाटली तिथे अडेल आणि चुंबक रीडच्या समोरच राहील. काडी कुठे घालायची ते मापानं ठरवू नकोस. पाइप बादलीत उभा धरून, चुंबक कुठे आला की 'टिक' होते ते बघून खूण कर. चुंबक आणि रीड यांच्यातलं अंतर एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर चुंबक कमी पडू शकतो. तेव्हा बारीक पाइप घे किंवा मोठा चुंबक.

रीड स्विचच्या तारा वाकवताना काच तडकते. काचेलगतचा भाग चिमट्यानं पक्का धर आणि चिमट्याच्या पलीकडे वाकव. दोन रीड स्विच आण, एक फुटेल असं धरूनच.

आता तुझ्या लक्षात आलं असेल: बझरला साधारण 10-30 मिलिअँपिअर लागतात, तेवढं रीड स्विच स्वतःच पेलतो. बॅटरी, बटण, रीड स्विच, बझर. ट्रान्झिस्टर लागतच नाही! प्रदर्शनात यंत्र 'इलेक्ट्रॉनिक' दिसावं म्हणून तो उगाच घालावासा वाटेल. घालू नकोस. पहिल्या नमुन्यात ट्रान्झिस्टर का होता आणि या चुंबकाच्या नमुन्यात तो का नाही, हे तुला सांगता आलं की परीक्षकाला पुढे विचारायला फारसं काही उरत नाही. फार तर एक एलईडी लाव, कारण आजीला ऐकू कमी येत असेल तर तिला दिवा दिसेल. 9 व्होल्टवर लाल एलईडीला 2 व्होल्ट लागतात, उरलेले 7 रेझिस्टन्सनं खायचे. 1 किलोओहम टाकला तर 7 मिलिअँपिअर जातात, पुरेसा उजेड पडतो.

स्लॅबवरून स्वयंपाकघरापर्यंत दोन तारांची लांब वायर लागेल. ती मोटरच्या वायरसोबत एकत्र बांधून आणू नकोस, वेगळ्या वाटेनं आण. उद्या मोटरच्या वायरचं आवरण फाटलं तर तिचा करंट तुझ्या वायरीत उतरायला नको. टाकीपाशी काहीही चिकटवायला ग्लू गन वापरू नकोस. आपल्याकडचा मे महिना तुला सांगायला नको, काळ्या टाकीच्या झाकणाला हात लावता येत नाही. त्या उष्णतेत तो गोंद मऊ पडून सगळं टाकीत गळून पडेल. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळ. बॅटरी आणि बझर खाली घरात ठेव. टाकीपाशी जाशील तेव्हा मोटर बंद असू दे आणि घरातलं मोठं माणूस बरोबर असू दे. एकटी चढू नकोस.

सोल्डरिंग येत नाही, हे फार मोठं नाही. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा नुसत्या खोचून जोडायच्या भोकांच्या पट्टीवर, आधी जुळव. वाजलं की मग पक्कं कर. स्क्रूवाली कनेक्टर पट्टी वापरलीस तर सोल्डर न करताही भागतं. पण शिकावंसं वाटलं तर शीक, दोन दुपारी पुरतात. 25 वॅटची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, पुरे. सोल्डर इस्त्रीच्या टोकावर वितळवून सांध्यावर नेऊन टेकवू नकोस. आधी सांधा तापव, मग सोल्डर सांध्याला लाव, तो स्वतःहून वितळून पसरला पाहिजे. चांगला सांधा चकचकीत आणि उतरत्या कडांचा दिसतो. मणी होऊन नुसता वर बसलेला, मळकट सांधा कच्चा, तो आज वाजेल आणि प्रदर्शनाच्या दिवशी सुटेल. रीड स्विचचा सांधा करताना मात्र झटपट आटप, काच फार तापू देऊ नकोस. खिडकी उघडी ठेव, धूर नाकात घेऊ नकोस, सोल्डर तोंडात धरू नकोस, काम झाल्यावर हात साबणानं धू. 'करंट लागेल' ही भीती असेल तर: 9 व्होल्टची बॅटरी कोरड्या हाताला काही करत नाही. इस्त्री मात्र घरच्या 230 व्होल्टवर चालते. तिचा पिन तीन पायांचा, वायर न सोललेली आणि तुझे हात कोरडे, हे बघूनच बटण दाब.

आणि भाऊ. त्याला सांग, मोटर आपोआप बंद करायची कल्पना चांगली आहे, तशी यंत्रं मिळतातही. पण त्यात रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि 230 व्होल्टची जोडणी आली, तीही पाण्याशेजारी. ते काम जाणत्या वायरमनचं. शाळेच्या यंत्रानं फक्त सांगावं, मोटर बंद करणारा हात माणसाचाच राहू दे. त्याला तुझ्या प्रकल्पात दुसरं काम दे. सोडवलेल्या तारेनं करंट थांबला नव्हता हे त्याला मल्टीमीटर लावून दाखव. बझर सुटलेला, आवाज बंद, आणि मीटरवर आकडा! त्यानंतर तो तुझा सगळ्यात कामाचा सहकारी होईल.

बाबांच्या बाराशे रुपयांमागे माया आहे, हे तुला मी सांगायला नको. पोरगी प्रदर्शनात खाली मान घालून उभी राहू नये एवढंच त्यांना हवंय. त्यांना सांग, मला थोडेसे पैसे आणि एक दुपार द्या. सुटे भाग बाराशेच्या मानानं फार स्वस्तात येतात. सुटे भाग अमळनेरला न मिळाले तर जळगावला मिळतील. पाइपला भोकं पाडायला, पट्ट्या आवळायला बाबांचाच हात लागेल.

मी बरीच वर्षं शाळांच्या प्रदर्शनांत परीक्षक म्हणून फिरलो. एकदा एका मुलाच्या टेबलावर झगमगीत तयार मॉडेल होतं. मी पोचलो आणि ते बंद पडलं. एक तार सुटली होती, मला ती बाहेरूनच दिसत होती. मुलाला ती कुठे लावायची ते माहीत नव्हतं, कारण त्यानं डबा कधी उघडलाच नव्हता. तो रडवेला होऊन उभा राहिला आणि मला त्याच्यापेक्षा ते मॉडेल आणून देणाऱ्या मोठ्या माणसांचं वाईट वाटलं. ती सुटलेली तार मी त्याला दाखवली, त्यानं स्वतः जोडली, मॉडेल सुरू झालं. दिवसभरात तेवढाच एक क्षण त्याचा स्वतःचा होता.

बाईंवर रागावू नकोस. बंद यंत्राला गुण मिळत नाहीत असं त्यांना वाटतं, आणि पुष्कळदा तसंच घडतं. त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नकोस, डबीतल्या तारा आणि वही घेऊन जा. आणि एक प्रयोग आजच सुरू कर, म्हणजे प्रदर्शनापर्यंत त्याला दोन आठवडे मिळतील. दोन काचेचे ग्लास, दोन्हींत तुमच्या टाकीचं पाणी, सारख्या नव्या तांब्याच्या तारा, दोन्हींत अंतर सारखं. दोन्हींना 9 व्होल्टची बॅटरी आणि वाटेत सारखा रेझिस्टन्स. एक ग्लास रात्रंदिवस चालू, दुसरा रोज फक्त 20 मिनिटं. रोज ठरल्या वेळी फोटो काढ, करंट मोज, तारखेसह लिही. पाण्यात मीठ घालायचा मोह आवर, मीठ घातलं तर क्लोरीन वायू निघू शकतो. घरच्या प्लगला तर काहीच जोडायचं नाही. चौदा दिवसांनी ते दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवलेस की तुझं निम्मं बोलणं तेच करतील.

टेबलावर तीन नमुने एका ओळीत मांड: तांब्याच्या तारांचा पहिला, बटण आणि रेझिस्टन्स घातलेला दुसरा, तरंगत्या चुंबकाचा तिसरा. पहिला वाजत नसला तरी मांड, त्याच्यापुढे ती डबी ठेव. तिसरा पारदर्शक बरणीत बसव, म्हणजे बघणाऱ्याला स्वतः पाणी ओतून गजर वाजवता येईल. लहान मुलं ओततीलच, एक फडकं जवळ ठेव. भिंतीवर मोठमोठे तक्ते लावू नकोस, वही उघडी ठेव.

बाईंना आणखी एक विचार. केंद्र सरकारची इन्स्पायर-मानक नावाची योजना आहे. शाळा आपल्या विद्यार्थ्यांच्या कल्पना पाठवते आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला नमुना बनवायला 10,000 रुपये मिळतात. नाव शाळेमार्फतच जातं. तिथे तुझा हा विचार पाठवण्याजोगा आहे का, हे त्या सांगतील. जवळपासच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर तिथे एक दिवस बसू देतील का, तेही विचारून ठेव. ब्रेडबोर्ड, मल्टीमीटर, इस्त्री असं सगळं तिथे असतं.

आज संध्याकाळी आणखी एवढं कर. बॅटरीची क्लिप बघ. लाल वायर धनाची. तिचा माग काढत टाकीपर्यंत जा आणि ती दोनपैकी कोणत्या तारेला जोडलेली होती ते बघ. माझं निदान बरोबर असेल तर ती हिरवी पडलेली, झिजलेली तार निघेल. पांढरी निघाली तर माझं चुकलंय, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून बघावं लागेल. कोणती निघाली ते मला कळव, मी वाट बघतोय.